विसरण्याचा हिशोब

भौतिकशास्त्रज्ञांमध्ये एक भांडण गेली पन्नास-साठ वर्षं चाललेलं आहे. गंमत म्हणजे ते गणितावरून नाही. गणित सगळ्यांना मान्य. उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात आणि प्रयोगाशी जुळतात. भांडण आहे ते या गणिताचा अर्थ काय लावायचा, यावरून! ‘रीनॉर्मलायझेशन ग्रुप’ हे त्या गणिताचं नाव. मराठीत ‘पुनर्सामान्यीकरण गट’ म्हणता येईल. मराठी नाव इंग्रजीपेक्षा जास्त घाबरवतं, म्हणून मी आपलं इंग्रजीच वापरते. नाव ऐकून उठून जाऊ नका, एवढीच विनंती.

असली भांडणं आपल्याला नवीन नाहीत. गीता एकच, श्लोक तेच सातशे. शंकराचार्यांना त्यात ज्ञान दिसलं, रामानुजांना भक्ती दिसली, आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून त्यातून कर्मयोग काढला. ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं तेव्हा किती वादळ उठलं होतं! श्लोकात कुणी काना-मात्रेचा फरक केला नव्हता. तरी वाद झाला, कारण अर्थावर माणसानं कसं जगायचं हे ठरणार होतं. भौतिकशास्त्रातल्या या वादाचंही तसंच आहे, असं माझं मत झालं आहे. ते मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी संबंध म्हणजे जयंत नारळीकरांची पुस्तकं. ते १९३८ साली आपल्या कोल्हापुरातच जन्मले, म्हणून ती जरा जास्त अभिमानानं वाचली, एवढंच. पण माझा एक विद्यार्थी आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. निवृत्तीनंतर मी त्याला म्हटलं, “अरे, मी तुला समास शिकवले, आता तू मला काहीतरी शिकव.” तो म्हणाला, “बाई, गणित सोडून सांगतो, पण खोटं सांगणार नाही.” वर्षभर तो रविवारी येत राहिला. खाली जे लिहिते आहे ते त्याच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून मिळालेलं. मतं मात्र माझी.

सुरुवात अनंतापासून करावी लागते.

१९३०-४० च्या काळात इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांचा हिशोब मांडताना शास्त्रज्ञांच्या हाती भलतंच उत्तर यायला लागलं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान काढायला जावं, तर ते अनंत. विद्युतभार काढावा, तर तोही अनंत. कारण असं की अगदी लहानात लहान अंतरावर काय काय घडू शकतं त्या सगळ्याची बेरीज करावी लागते, आणि ती बेरीज संपतच नाही. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन या तिघांनी यातून वाट काढली. त्यांना १९६५ चं नोबेल मिळालं. वाट साधारण अशी: किराणा दुकानात तेल आणायला आपण घरचं भांडं न्यायचो. दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, मग तेल मोजायचा. भांडं किती किलोचं आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसायचं. इथंही तसंच केलं. इलेक्ट्रॉनचा भार प्रयोगात जो मोजला जातो तो धरला, आणि बाकीचं सगळं धड्यात घातलं. फरक एवढाच, की इथं भांड्याचं वजनच अनंत होतं!

आणि या हिशोबातून आलेली उत्तरं? इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा आकडा दशांशचिन्हापुढे दहा-अकरा घरांपर्यंत प्रयोगाशी जुळतो. इतकं जुळणारं दुसरं शास्त्र माणसाकडे क्वचितच असेल.

तरी डिराक यांचं समाधान झालं नाही. १९८४ साली ते गेले, तोपर्यंत त्यांची तक्रार कायम होती: लहान असेल ती गोष्ट गणितात सोडून द्यावी हे ठीक, पण अनंत आहे म्हणून नको म्हणून सोडून द्यायची, हे कसलं गणित? फाइनमन यांनी तर ज्या कामासाठी नोबेल घेतलं त्याच कामाची १९८५ च्या आपल्या पुस्तकात थट्टा केली. हा झाला पहिला अर्थ: ही एक सोयीची हातचलाखी आहे, खरा सिद्धांत सापडेपर्यंत चालवून घ्यायची.

दुसरा अर्थ हळूहळू पुढे आला. १९५३ मध्ये श्टुकेलबर्ग आणि पेटरमन, १९५४ मध्ये गेल-मान आणि लो यांनी दाखवलं की धडा कुठल्या अंतरावर करायचा हे आपण ठरवतो. तो बदलला तर इलेक्ट्रॉनच्या भाराचा आकडाही बदलतो. मात्र तो मनमानी बदलत नाही, ठराविक नियमानं बदलतो. त्या नियमाचं नाव रीनॉर्मलायझेशन ग्रुप.

इथं मला समुद्रकिनारा उपयोगी पडला. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं. भारताचा किनारा ७५१६ किलोमीटर. अलीकडे सरकारनं तो अधिक बारकाईच्या नकाशावरून पुन्हा मोजला, तर भारताचा किनारा ११,०९८ किलोमीटर निघाला! महाराष्ट्राचाही ८७७ च्या पुढे गेला. समुद्र काही मागे हटला नाही, जमीनही वाढली नाही. मोजपट्टी बारीक झाली. जाड मोजपट्टी ज्या खाडीवरून उडी मारून जात होती, त्या खाडीत बारीक मोजपट्टी शिरली. आणखी बारीक घ्या, आणखी लांबी मिळेल. मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता.

मग किनाऱ्याची खरी लांबी किती? या प्रश्नाला उत्तर नाही. पण म्हणून किनारा खोटा का? मोजपट्टी निम्मी केली की लांबी किती पटीनं वाढते, हे प्रमाण किनाऱ्याचं स्वतःचं असतं. सपाट वाळूच्या किनाऱ्याचं वेगळं आणि खाड्याखाड्यांच्या कोकणाचं वेगळं. लांबी आपल्या मोजपट्टीवर अवलंबून आहे, पण लांबी बदलण्याची रीत किनाऱ्याची आहे.

इलेक्ट्रॉनच्या भाराचं असंच. त्याची ताकद सांगणारा आकडा नेहमीच्या अंतरावर १/१३७ असतो. झेड नावाच्या कणाच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेला, म्हणजे फारच जवळून पाहिलं की तो १/१२८ च्या आसपास जातो. हे कागदावरचं नाही, प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. म्हणून ‘हातचलाखी’ हा अर्थ मला पटत नाही. हातचलाखीत जादूगाराला हवं ते निघतं. इथं जे निघतं ते निसर्गाला विचारून तपासता येतं.

आता दुसरीकडे जाऊ. तिथं अनंताचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फौंड्री आहेत. तिथल्या कुठल्याही कामगाराला ठाऊक असतं, की लालबुंद तापलेल्या लोखंडाला चुंबक चिकटत नाही. शुद्ध लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं. आत काय होतं? लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलं चुंबक. थंड असताना शेजारी-शेजारी एका दिशेला तोंड करून बसतात. तापले की ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. आणि बरोबर त्या सीमेवर मजा असते. लहान टोळ्या, त्यांना पोटात घेणाऱ्या मोठ्या टोळ्या, त्यांना पोटात घेणाऱ्या आणखी मोठ्या. कुठलाही एक आकार ‘हा नेहमीचा’ म्हणता येत नाही.

१९६६ साली काडानॉफ यांनी सुचवलं, की अशा वेळी एकेका अणूच्या मागे लागू नका. नऊ-नऊ अणूंची गल्ली करा. गल्लीत बहुमत ज्या दिशेला, ते गल्लीचं मत. मग नऊ गल्ल्यांचा वॉर्ड, नऊ वॉर्डांचं गाव. दर पायरीला चित्र लहान होत जातं, तपशील गळत जातात. १९७१ मध्ये केनेथ विल्सन यांनी या कल्पनेला पक्कं गणित दिलं. १९८२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

त्यांना काय आढळलं ते नीट बघा, कारण सगळा वाद यावरच आहे. दर पायरीला काही तपशील विरत जातात आणि काही वाढत जातात. अणूंची रचना चौकोनी की त्रिकोणी, लांबच्या शेजाऱ्याचा किती प्रभाव, असले शेकडो तपशील दहा-बारा पायऱ्यांत दिसेनासे होतात. पण तापमान सीमेपासून जरासं जरी ढळलेलं असलं, तर ते ढळणं दर पायरीला वाढत जातं आणि शेवटी सगळ्या चित्राचा निकाल लावतं. आणि अगदी सीमेवर असाल, तर कितीही पायऱ्या चढा, चित्र तसंच्या तसं राहतं.

यातून एक जुनं कोडं सुटलं. पाणी सुमारे ३७४ अंश आणि २१८ वातावरणदाब इथपर्यंत नेलं, की पाणी आणि वाफ यांच्यातला फरक नाहीसा होतो. तो ज्या प्रमाणात नाहीसा होतो, त्याच प्रमाणात काही जातीच्या चुंबकांचं चुंबकत्व नाहीसं होतं. दोन्हींचा घातांक साधारण ०.३२६! कुठं पाणी आणि कुठं चुंबक... पण वेगळेपणाचे सगळे तपशील पायऱ्या चढताना विरून गेले, आणि उरलं ते दोघांचं सारखं निघालं.

जाता जाता नावाबद्दल. गणितात ‘ग्रुप’ म्हटलं की उलटं जाता आलं पाहिजे. पाच मिळवले तर पाच वजाही करता आले पाहिजेत. विल्सनच्या जिन्यावर तसं नाही. गल्लीच्या बहुमतावरून कोणत्या घरानं काय मत दिलं होतं, ते परत सांगता येत नाही. म्हणजे या ग्रुपला ग्रुप म्हणणंच कडक अर्थानं चूक. भाषेच्या शिक्षकाला अशा चुकीची मौज वाटते. पण त्या चुकीत एक गंभीर गोष्ट आहे: इथं जे विसरलं, ते कायमचं विसरलं.

आता मुख्य वाद. लहानातून मोठं समजतं, की मोठ्याचं शास्त्र वेगळंच असतं?

आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात एकच आकडा विचारतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली आणि काय झालं ते आपण पाहिलं. त्या नदीत पाण्याचे किती रेणू असतील! त्यांतल्या एकाचाही पत्ता आपल्याला नसतो. तरी एका आकड्यावर आपण माळ्यावर सामान चढवायचं की नाही ते ठरवतो, आणि बरोबर ठरवतो.

एक पक्ष म्हणतो, खरं काय ते रेणू. पातळी ही आपली सोय. आणि विल्सनचं गणित आमच्याच बाजूचं आहे, कारण लहानापासून मोठ्यापर्यंत पायरी-पायरीनं कसं जायचं ते त्यानंच दाखवलं. दुसरा पक्ष म्हणतो, पुराच्या बाबतीत खरी ती पातळीच. रेणू थोडे वेगळे असते तरी पूर तोच आला असता. आणि विल्सनचं गणित आमच्या बाजूचं आहे, कारण मोठं हे लहानाच्या तपशिलांवर जवळजवळ अवलंबून नसतं, हे त्यानंच सिद्ध केलं.

एकाच गणिताचे दोन्ही पक्ष साक्षीदार! फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये एक छोटा लेख लिहून दुसऱ्या पक्षाची बाजू मांडली: संख्या वाढली की नुसतं ‘जास्त’ होत नाही, ‘वेगळं’ होतं. स्टीव्हन वाइनबर्ग पहिल्या पक्षाचे. हा वाद नुसता कागदावरचा नव्हता. अमेरिकेत टेक्सासमध्ये एक प्रचंड यंत्र उभं राहणार होतं, अतिसूक्ष्म कणांचा शोध घेण्यासाठी. वाइनबर्ग यांनी अमेरिकन संसदेपुढे त्याच्या बाजूनं साक्ष दिली, अँडरसन यांनी विरोधात. १९९३ साली ते काम अर्ध्यावर बंद पडलं. बंद पडायला खर्चासकट इतर कारणंही होती. पण अर्थ लावण्याचा प्रश्न पैशापर्यंत पोचतो, तो असा.

आपल्याकडे एक तिसराही अर्थ फिरतो. अनंतातून अनंत वजा करून मर्यादित काही उरतं, हे कळल्यावर ईशोपनिषदाच्या शांतिमंत्राची आठवण काढणारे निरोप मोबाइलवर येतात: आमच्या ऋषींना हे आधीच माहीत होतं! तो मंत्र मला लहानपणापासून पाठ आहे आणि प्रिय आहे. पण त्याचा अर्थ वेगळा, त्याची जागा वेगळी. त्यातून इलेक्ट्रॉनचा आकडा दहा घरांपर्यंत काढता येत नाही, आणि तो काढण्यासाठी तो म्हटलेलाही नाही. मंत्राला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळवून देण्याची धडपड मला मंत्राचाच अपमान वाटते.

मग माझा पक्ष कोणता? मला वाटतं, या गणिताची खरी शिकवण दोन्ही पक्षांच्या घोषणांत नाही. ‘तपशील महत्त्वाचे’ असं ते म्हणत नाही. ‘तपशील सोडा’ असंही म्हणत नाही. ते म्हणतं, कोणता तपशील सोडता येतो हे आधी हिशोब करून दाखवा. विसरण्याचा अधिकार हिशोबानं मिळवावा लागतो.

याला एक सुंदर पुरावा आपल्या घराजवळचा आहे. दीपक धर हे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं होते, नंतर पुण्याच्या आयसरमध्ये. २०२२ चं बोल्ट्झमन पदक त्यांना मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९७७ सालीच त्यांनी अशा जाळ्या तयार करून दाखवल्या होत्या, की ज्यांवर विल्सनचा हा जिना अंदाजानं नव्हे, काटेकोर गणितानं चढता येतो. पुढे त्यांचं नाव झालं ते वाळूच्या ढिगासाठी. हा कागदावरचा ढीग. एका घरात चार कण जमले की ते घर कोसळतं आणि चारही शेजाऱ्यांना एकेक कण देतं. त्यानं शेजारी कोसळू शकतात, त्यांचे शेजारी... १९८७ साली बाक, टांग आणि विझेनफेल्ड या तिघांनी ही कल्पना मांडली. घसरणी लहान, मोठ्या, प्रचंड, सगळ्या आकारांच्या होतात, आणि ढीग आपला आपण त्या सीमेवर येऊन बसतो. चुंबकासारखं कुणी तापमान जुळवावं लागत नाही. धर यांनी १९९० मध्ये दाखवलं, की कोणतं घर आधी कोसळलं आणि कोणतं नंतर यानं शेवटच्या चित्रात काहीच फरक पडत नाही. म्हणजे क्रम हा तपशील विसरता येतो. आणि हे त्यांनी गणितानं सिद्ध केलं, गृहीत धरलं नाही!

मग १९९६ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी खऱ्या दाण्यांचा, तांदळाचा ढीग करून पाहिला. लांब दाण्याचा तांदूळ घेतला, तर सगळ्या आकारांच्या घसरणी दिसल्या, सिद्धांतात सांगितल्या होत्या तशा. कमी लांबीचा, गोलसर दाणा घेतला, तर तसं घडलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बासमतीचा ढीग एका तऱ्हेनं वागावा आणि आजऱ्याच्या घनसाळचा दुसऱ्या! दाण्याचा आकार हा बारीक तपशील, सहज विसरण्याजोगा वाटणारा. पण तो विरणाऱ्यांतला निघाला नाही.

आता हे सगळं मी सत्तरी ओलांडल्यावर का मनावर घेतलं, ते सांगते.

आपलं सगळं सार्वजनिक जीवन आता सरासरीवर चालतं. शाळेचा निकाल इतके टक्के, जिल्ह्याची साक्षरता इतकी, तालुक्याचा पाऊस इतके मिलिमीटर. त्याला माझा विरोध नाही. राज्य चालवायचं तर पायऱ्या चढाव्याच लागतात. मंत्रालयातून प्रत्येक घर दिसणार नाही. पण घरं, गल्ल्या, वॉर्ड करत वर जाताना काय गाळलं आणि का गाळलं, हे कोण सांगतो?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव २०२३ साली आपल्या राज्यात पुढे आला. त्यामागचे हिशोब पाहा. एका शिक्षकामागे मुलं किती, एका मुलामागे खर्च किती, जवळची दुसरी शाळा किती किलोमीटरवर. आकडे खोटे नाहीत. पण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या भागात जो फिरला आहे त्याला ठाऊक आहे, की दोन वाड्यांमध्ये दीड किलोमीटर असतं आणि मध्ये एक ओढा असतो. उन्हाळ्यात त्या ओढ्यातून चप्पल हातात न घेता पलीकडे जाता येतं. जून ते सप्टेंबर तो ओढा म्हणजे भिंत. नकाशावरच्या दीड किलोमीटरमध्ये तो दिसत नाही. आणि सात वर्षांच्या मुलीच्या शाळेचा निकाल तोच लावतो. आधी चार महिने शाळा बुडते, मग अभ्यास मागे पडतो, मग ‘हिला शाळेत गोडी नाही’ असं म्हणतात, मग ती घरी बसते. दर पायरीला वाढत जाणारा तपशील म्हणतात तो हा.

याउलट, शाळेच्या भिंतींचा रंग कोणता, फलकावर सुविचार लिहिला का, मुलांच्या वह्यांना कव्हरं होती का, याच्या तपासण्या मी आयुष्यभर पाहिल्या. हे सगळे विरणारे तपशील. त्यांच्या नोंदी मात्र वरपर्यंत जात.

बड्या गटाला दाखवण्यासाठी लहान मोठं सगळंच जपा, असा भाबडा आग्रह मी धरत नाही. पट खरोखरच दोनवर आला असेल, रस्ता बारमाही असेल, गाडीची सोय पक्की असेल, तर मुलांना चार सवंगडी मिळालेले चांगलेच. माझं म्हणणं एवढंच, की ‘हा तपशील आम्ही सोडला’ असं जो म्हणेल, त्यानं तो वर जाताना विरतो हे दाखवावं. दाखवता येत नसेल, तर ते शास्त्र नव्हे, नुसतं दुर्लक्ष. आणि विल्सनच्या जिन्यासारखंच इथंही परत खाली येता येत नाही. बंद झालेल्या शाळेतून गळालेली मुलगी नंतरच्या कुठल्याही टक्केवारीतून शोधून काढता येत नाही.

माझा प्राध्यापक विद्यार्थी यावर म्हणाला, “बाई, समाज म्हणजे चुंबक नाही. तुम्ही उपमा ताणताय.” बरोबर आहे त्याचं. माणसांचे घातांक कुणी काढलेले नाहीत. पण मग मी त्याला विचारलं, जिथं गणित पक्कं आहे तिथं शास्त्रज्ञ विसरण्यापूर्वी इतका हिशोब मांडतात, तर जिथं गणितच नाही तिथं आपण जास्त जपून विसरायला हवं की कमी? यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

शास्त्रातलं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, आणि ते सगळ्यांत जोरात आहे गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत. तिथं धड्याची युक्ती चालत नाही. एक अनंत घालवावं तर नवी उभी राहतात, आणि दर वेळी नवा आकडा प्रयोगातून आणून ठेवावा लागतो. एक पक्ष म्हणतो, यात दोष काही नाही. आपलं गुरुत्वाकर्षणाचं ज्ञान बंधाऱ्यावरच्या पातळीसारखं आहे, आपल्या पायरीवर अचूक. खाली काय आहे ते त्यातून कळायचं नाही. दुसरा पक्ष वाइनबर्ग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या कल्पनेचा: कितीही बारीक पाहत गेलं तरी आकडे शेवटी एका जागी स्थिर होतील, धीर धरा. तिसरी वाट आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांची. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या रूपात मांडली. त्यातून जी विचारसरणी वाढली ती म्हणते, अवकाशच मुळी दाण्यांचा आहे. एका मर्यादेखाली आणखी लहान असं काही नाहीच, मग अनंत येणार कुठून?

कोकणचा किनारा बारीक-बारीक मोजत गेलं तर शेवटी वाळूचा कण लागतोच, तिथं मोजणी थांबते. अवकाशाला असा कण आहे की नाही, हे आज कुणालाच ठाऊक नाही. तिन्ही पक्षांकडे बुद्धिमान माणसं आहेत, तिन्ही पक्ष हाच जिना वापरतात, आणि निकाल देईल असा प्रयोग अजून झालेला नाही. माझ्या हयातीत तो होईल असं वाटत नाही. नाही झाला तरी चालेल. निकाल येईपर्यंत आपला हिशोब उघडा ठेवून भांडायचं असतं, ही रीत त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे. आपल्या पंचायतींपासून मंत्रालयापर्यंत जी माणसं रोज काहीतरी ‘किरकोळ’ म्हणून गाळत असतात, त्यांना तुम्ही-आम्ही एवढंच विचारायचं: किरकोळ कशावरून?